हर्षाचा उपास

गजेंद्रचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. डाळमिलची पाळी सातची. मधला सगळा वेळ स्वयंपाकाचा. मिलचा मुकादम खुशालराव म्हणायचा, "दोन जिवाईच्या सैपाकाले एवढा वेळ? लग्नाची पंगत उठवून येतो काय गा रोज?" गजेंद्र दाभणात सुतळी ओवायचा आणि कामाला लागायचा.

त्याची स्वतःची भाकर-चटणी अर्ध्या तासात व्हायची. उरलेला वेळ पोरीच्या, हर्षाच्या, डब्याचा. तांदूळ छोट्या काट्यावर तोलून घ्यायचा. बटाटा तोलायचा, दुधी तोलायचा. रात्री भिजवलेला साबुदाणा तुपावर परतायचा, दाण्याचा कूट न घालता. शेवटी डॉक्टरांनी दिलेली पावडर पाण्यात घुसळायची. तिला पावसात भिजून सडलेल्या पोत्यासारखा वास. हर्षा नाक दाबून ती प्यायची आणि वरून खडीसाखर चोखायची. घरात डाळ नव्हती. दिवसभर तुरीच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरात डाळीचा डबा नव्हता. फळीवरची त्याची जागा रिकामी होती.

अकोल्याच्या त्या मिलमध्ये तो चुनीची पोती शिवायचा. चुनी म्हणजे तुरीची साल आणि चुरा, ढोरांच्या खाद्याला जातो. डाळीची पोती मशीन शिवतं. चुनीची पोती जुनी, तागाची, कितीदा भरून रिकामी झालेली. मशीनचा धागा त्यांत टिकत नाही, ती दाभणानंच शिवावी लागतात. टाका फार जवळ घेतला तर ताग फाटतो. लांब घेतला तर चुरा गळतो. दोन्ही टोकांना पोत्याचे कान सोडायचे, म्हणजे हमालाला धरायला जागा. कान ढिला राहिला की पोतं पाठीवरून सटकतं आणि शिव्या शिवणाऱ्याला बसतात. गजेंद्रच्या पोत्यावरून त्याला कधी शिवी बसली नाही. मिलमध्ये त्याची एवढीच ओळख होती, आणि त्याला ती पुरत होती.

रुख्मिणी, त्याची बायको, डेंग्यूनं गेली तेव्हा हर्षा तीन वर्षांची होती. सहाव्या वर्षी ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. गल्लीतले म्हणाले, धांदरट आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, चष्मा लागला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या डोळ्यात उजेड टाकला, मग पुन्हा टाकून पाहिला. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलं होतं. एवढ्या लहान पोरीचं भिंग उगाच सरकत नाही, असं म्हणून त्यांनी तिला अमरावतीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रक्त तपासायला मुंबईला गेलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "काम काय करता?"

"डाळमिलमंदी हावो."

"मग तुम्हाला कळेल. अंगातलं प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ समजा. मणी वीस जातींचे. त्यांतल्या दोन जातींत गंधक असतं. एक मेथिओनिन. तो शरीर बनवत नाही, खाण्यातूनच येतो. त्यातला लागेल तेवढा वापरून उरलेल्याचं गंधक शरीर पुढे देतं आणि त्यापासून दुसरा मणी बनवतं, तो सिस्टीन. तुमच्याकडे तूर एका मशीनमधून दुसऱ्यात जाते ना, तसं. त्यातलं मधलं एक मशीन हर्षाच्या अंगात जन्मापासून बंद आहे."

"मंग माल तुंबत असन," गजेंद्र म्हणाला.

"तुंबतो. त्या अर्धवट मालाला होमोसिस्टीन म्हणतात. तो रक्तात साठतो. फार साठला तर रक्ताच्या गुठळ्या होतात. आणि पुढचा सिस्टीन पुरेसा तयारच होत नाही."

"तो कायले लागते?"

बाईंनी दोन्ही हातांचं एकेक बोट वाकवून एकमेकांत अडकवली. "सिस्टीनला गंधकाचा आकडा असतो. दोन सिस्टीन समोरासमोर आले की आकड्यात आकडा अडकतो, आणि माळ घडी धरून राहते. केस, नखं त्यानंच मजबूत असतात. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक धाग्यांवर टांगलेलं असतं, त्यांत हे आकडे फार. हर्षाच्या उजव्या डोळ्यातले टाके उसवलेत."

टाके म्हटल्यावर त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यानं विचारलं, "डाव्या डोयाचे?"

"अजून धरून आहेत. ते धरून राहावेत म्हणूनच हे सगळं करायचं."

एक जीवनसत्त्व देऊन पाहिलं. काही लेकरांत त्यानं ते बंद मशीन थोडं चालतं. हर्षाचं चाललं नाही. मग पथ्य. अंडं, दूध, मटण बंद. डाळी बंद. "डाळीत मेथिओनिन अंड्यापेक्षा कमीच असतो," बाई म्हणाल्या, "पण आपण डाळ बोटानं चाटत नाही, वाटीनं खातो." ज्वारी-गहूही नको. भात तोलून. मेथिओनिन सोडून बाकी सगळे मणी पावडरीतून मिळतील, सिस्टीनसुद्धा. आणि हे जन्मभर.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला एक बाई चढली. समोर बसली, पदरातून फुटाणे काढले आणि मूठ हर्षापुढे धरली. हर्षानं हात पुढे केला. गजेंद्रनं तो धरला. बाईच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्याच्या हातचं नको असतं काही लोकांना, ती आठी त्यांच्यासाठी असते. गजेंद्रला रोगाचं नाव उच्चारता येत नव्हतं. आलं असतं तरी भरल्या डब्यात, पोरीसमोर, त्यानं ते उच्चारलं नसतं.

"तिले उपास हाय," तो म्हणाला.

बाईची आठी गेली. "एवढ्याशा लेकराले? वा वो माय." तिनं फुटाणे पदरात बांधले, पिशवीतलं केळ काढून हर्षाला दिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केळ चालत होतं. हर्षानं ते अकोला येईस्तोवर पुरवून खाल्लं.

तेव्हापासून त्यानं तोच शब्द धरला. आपल्याकडे पोट भरलं म्हटलं तर दोन घास जास्त वाढतात. पथ्य म्हटलं तर एका घासानं काय होते म्हणतात. उपास म्हटलं की वाढपी पुढे सरकतो. शाळेत खिचडी मिळायची, तिथे त्यानं बाईंना पथ्य आहे म्हणून सांगितलं. गल्लीत, लग्नात, भंडाऱ्यात उपास. कोणता उपास, हे तो सांगत नव्हता. लोकांनी ते आपलं आपणच ठरवलं. बायको गेल्यावर गजेंद्र काहीतरी नवस बोलला, आणि तो पोरीकडून फेडून घेतो आहे.

हर्षा भंडाऱ्यात जात नव्हती असं नाही. वांग्याच्या भाजीचा, वरणाचा वास सुटला की ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. पोरं पंगतीला बसायची आणि ती चपला राखायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, माहा उपास कधी सुटते?" गजेंद्र तेव्हा तांदूळ तोलत होता. त्यानं काट्यावरून नजर काढली नाही.

दुपारची हर्षा पार्बताबाईकडे असायची. पार्बताबाई शेजारची, एकटी. पोरगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी. हर्षाला रुख्मिणीमागं हिनंच न्हाऊ-माखू घातलं होतं. शाळा सुटली की हर्षा तिच्या ओट्यावर, गजेंद्र येईपर्यंत. आल्यावर तो आधी अंगावरची तुरीची धूळ धुवायचा. अंगावरच्या धुळीनं काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तरी तो अंघोळ करूनच पोरीला हात लावायचा.

दीडेक वर्ष दर खेपेच्या तपासणीत रक्तातल्या होमोसिस्टीनचा आकडा उतरता होता. मग तो चढला. गजेंद्रनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, चूक नाही, सगळं तोलून देतो. पुढच्या खेपेला आणखी चढला. मग त्यानं कोणाला न विचारता हर्षाचा भात निम्मा केला. कमी दिलं की कमी तुंबेल, असा त्याचा सरळ हिशेब. हर्षा शाळेतून आली की पायरीवरच बसून राहायला लागली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड बोटांनी धरून पाहिला आणि त्याच्याकडे वळल्या.

"भात कमी केलात?"

"हो."

"कोणी सांगितलं? उपाशी ठेवलं की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. त्या मांसातही तोच मेथिओनिन असतो. तुम्ही बाहेरून बंद केलात, तो आतून निघाला. या पोरीला उपाशी ठेवायचं नाही. भरपूर खाऊ घालायचं, जे चालतं ते." मग आधीचे रिपोर्ट चाळून म्हणाल्या, "पण आकडा भात कमी करायच्या आधीच चढलाय. दुसरं कोणी काही देतं का तिला?"

"कोनीच नाई," गजेंद्र म्हणाला. ते त्यानं खात्रीनं सांगितलं.

"डावं भिंग हलायला लागलंय, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी कळवलंय. अजून सुटलेलं नाही. आपल्याकडे फार वेळ नाही."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मिलमधल्या एलिव्हेटरचा, तूर वर चढवणाऱ्या यंत्राचा, पट्टा तुटला आणि दुपारीच सुट्टी झाली. गजेंद्र घरी आला. पार्बताबाईच्या दारातच त्याला वास आला. उभं आयुष्य तुरीत गेलेल्या माणसाला तो वास ओळखावा लागत नाही. आत हर्षा पाटावर बसली होती. ताटात वरण-भात, वर तुपाची धार. ती झपाझप खात होती, मधे पाणीसुद्धा न पिता.

तिनं बापाला पाहिलं आणि हात ताटातच ठेवला.

"उठ," गजेंद्र म्हणाला.

"ती उठनार नाई," पार्बताबाई चुलीपाशी उभी राहिली. "लेकरू जेवून राहिलं. जेवत्या लेकराले उठवते काय कोनी?"

"किती दिवसापासून?"

"लय दिवस झाले. तुह्या नवसापाई मारतो काय तिले? हाडं पाह्य तिचे. रुख्मिणी असती तर झाडू घेऊन तुह्या मांगं लागली असती. देवाले मी सांगतलं, पाप लागन तं मले लागू दे. लहान लेकराले उपास लागत नाई."

गजेंद्र दाराशी खाली बसला. दारात पाय पुसायचं पोतं होतं, तागाचं, त्याच्याच मिलमधलं. एका कडेची शिवण अजून शाबूत होती. त्यानं ती दोन्ही हातांत धरली.

"मावशी, हे पाह्य. हा टाका या टाक्याले धरून हाय. म्हनून पोतं धरून हाय." त्यानं सुतळीचं टोक शोधून ओढलं. शिवण भराभर उसवली. "तिच्या डोयात असंच हाय. उजवा उसवला. डावा उसवून राहिला. डाळीत जे असते, ते तिच्या अंगात पुढं जात नाई, रक्तात साचते. नवस नाई, उपास नाई. रोग हाय जन्माचा."

पार्बताबाई पोत्याकडे बघत राहिली. मग तिनं हर्षापुढचं ताट हळूच ओढून घेतलं. हर्षानं ते धरून ठेवलं नाही.

"मंग उपास काहून सांगतलं मले?" तिनं ताट हातात धरूनच विचारलं. "रोग हाय म्हनला असता, तं मी काय इख चारलं असतं तिले?"

"रोग म्हनलं की लोक दार लावतात. उपास म्हनलं की पाया पडतात."

"मी लोक हाय काय रे?"

गजेंद्र उसवलेली सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली, आणि त्यानं म्हटलं होतं तसंच झालं. उपासवाल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवणारे बाजूनं जायला लागले. कोणी केळसुद्धा देईना, न जाणो काय चालतं, काय नाही. काहींनी आपल्या पोरांना तिच्या डब्याला हात लावू नका म्हणून सांगितलं. सगळ्यांत घाबरली पार्बताबाई. हर्षा शाळेतून आली की ती ओट्यावर बसू द्यायची, पण पाणी प्यायलाही हर्षाला घरी पाठवायची. आपल्या हाताचं आता तिला स्वतःलाच भय वाटत होतं. हर्षा एकटी घरात जायची, पाणी प्यायची आणि परत येऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची.

"बाबा," एकदा ती म्हणाली, "पह्यले लोक मले खायाले देत होते, तुमी नाई म्हनत होते. आता तं कोनी देतच नाई."

रक्ताचा आकडा उतरला. भात पूर्ववत झाला. डाव्या डोळ्याचं भिंग जागेवर होतं. हे सगळं चांगलं झालं. घर मात्र पहिल्यापेक्षा शांत झालं.

तुरीचा हंगाम आला. मिल रात्रंदिवस चालायला लागली. गजेंद्रनं मुकादमाला जास्तीची पाळी मागितली. तीन आठवडे तो सकाळची पाळी करून संध्याकाळचीही करायचा. बोटांच्या चिरांत सुतळी घासून रक्त यायचं. तो चिकटपट्टी बांधून शिवायचा, आणि तरी टाका तेवढाच. खुशालराव म्हणाला, "काहून मरून राहिला? सोनं घ्याचं काय?"

"साबुदाना घ्याचा हाय."

"कोनाच्या उपासाले?"

"साऱ्याईच्या."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तो घरोघर गेला. असा तो कधी कोणाच्या दारात गेला नव्हता. प्रत्येक दारात तेच वाक्य: "उद्याचा फराळ माह्या घरी. सारे उपाशीच रायता, तं एक दिवस हर्षासंगं खा." काही हो म्हणाले. काही, बघतो म्हणाले. पार्बताबाईच्या दारात त्यानं जास्त एक वाक्य म्हटलं. "सैपाक तू करशीन तं बरं होईन. मले कूट न टाकता चव लावता येत नाई."

ती सकाळीच आली. गजेंद्रनं साबुदाण्याचा कट्टा समोर ओढला, शिवणीचं बरोबर टोक पकडलं आणि एका ओढीत तोंड मोकळं केलं. आयुष्यभर तोंडं शिवत आलेल्या माणसानं पोतं उघडावं तसं. पार्बताबाईनं आधी हात साबण लावून धुतले, मग पुन्हा धुतले. तूप, जिरं, मिरची, बटाटा. दुसऱ्या चुलीवर रताळी.

बायका यायला लागल्या तशी ती उलथनं घेऊन दारातच उभी राहिली. एकीच्या पदराखाली कुटाची पुडी होती.

"कूट न टाकता साबुदाना गयाखाली उतरते काय वो?"

"या लेकराच्या गयाखाली दोन वर्ष उतरला," पार्बताबाई म्हणाली. "तुह्या उतरन एक दिवस. पुडी ओट्यावर ठेव."

सगळे आले नाहीत. आलेल्यांतल्या काहींनी डब्यात घेतलं आणि देवळात जायचंय म्हणून निघून गेले. बसले ते थोडेच. चटईवर एक ओळ झाली, तीही पुरती नाही. हर्षा एका टोकाला बसली. तिच्या बाजूची जागा रिकामीच होती. मागच्या गल्लीतल्या आयशाबी, रुख्मिणीला पिको-फॉल शिकवणाऱ्या, उशिरा आल्या आणि त्या जागेवर बसल्या.

हर्षानं विचारलं, "तुमाले पन उपास हाय?"

"नहीं बेटा," आयशाबी म्हणाल्या, "भूक है. परोस मेरे को."

पार्बताबाईनं एकाच भांड्यातून दोघींना वाढलं. हर्षाच्या पत्रावळीवर वाढताना तिचा हात क्षणभर थांबला. तिनं गजेंद्रकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मग तिनं भरून वाढलं. हर्षा हळूहळू खात होती, इतर काय करतात ते बघत बघत. पंगतीत सगळ्यांचं खाऊन होईस्तोवर उठायचं नसतं, हे तिनं चपला राखताना पाहून ठेवलं होतं. ती उठली नाही.

तिन्हीसांजेला भांडी घासून पार्बताबाई गेली. जाताना तिनं हर्षाला विचारलं, "उद्या शायेतून आल्यावर केळ खाशीन काय माह्या घरी?" हर्षानं बापाकडे न बघताच हो म्हटलं.

गजेंद्रनं चटई झटकली. आलेल्यांपेक्षा जास्त पत्रावळी आणल्या होत्या. उरलेला गठ्ठा त्यानं सुतळीनं बांधला आणि फळीवर ठेवला, डाळीच्या डब्याची जागा होती तिथे. जास्तीच्या पाळ्यांचा सारा पैसा यातच गेला होता. साबुदाणा, रताळी, बटाटे, तूप. आणि या पत्रावळी, पुढच्या शिवरात्रीला लागतील म्हणून.